प्रकाशवर्षांचे फेम्टोमीटर कसे करायचे?

प्रश्न : २०१५ साली टिपलेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आल्या आणि लायगो वेधशाळेने प्रोटॉनहूनही लहान हालचाल मोजली, असे वाचले. ही दोन अंतरे एकाच एककात कशी आणायची?

उत्तर : थेट उडी न मारता वाटेत मीटरवर थांबावे. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ गुणिले १० चा १५ वा घात मीटर. १३० कोटी म्हणजे १.३ गुणिले १० चा ९ वा घात. आकड्यांचा गुणाकार, घातांकांची बेरीज. आले सुमारे १.२३ गुणिले १० चा २५ वा घात मीटर.

खरी गडबड इथून पुढे.

फेम्टोमीटर म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर. भागाकारात घातांक वजा होतात आणि २५ मधून उणे १५ वजा केले की ४० उरतात. घाईत १० लिहिले, तर तब्बल तीस शून्ये गायब! उत्तर अर्थात १.२३ गुणिले १० चा ४० वा घात फेम्टोमीटर.

लायगोच्या ४ किलोमीटर भुजांतला बदल मात्र जेमतेम ०.००४ फेम्टोमीटर होता; प्रोटॉनचाच व्यास साधारण १.७ फेम्टोमीटर. तेवढ्याच लांब भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.