लाकूडही दिसावे, रंगही दिसावा

समजा, तुम्ही सुट्टीत महोगनीच्या फळ्यांतून घरीच एक गिटार तयार केली. महिनाभर रंधा मारला, सांधे चिकटवले, तारा लावून पाहिल्या. सूर बरा लागतो आहे. आता राहिला रंग. तुमच्या मनात आहे डाळिंबी लाल. बाजारातून लाल ऑइल पेंटचा डबा आणून दोन हात मारलेत, तर गिटार लाल होईल खरी. पण ती लाकडाची आहे की पत्र्याची, हे कुणाला ओळखता येणार नाही. ज्या रेषांसाठी महोगनी निवडली त्याच गाडल्या जातील. शिवाय हा रंग काढायचा म्हटले, तर त्याबरोबर थोडे लाकूडही खरवडावे लागेल.

रंग दिसावा आणि त्याखालचे लाकूडही दिसावे, हे कसे साधते? कोल्हापूरच्या वाचकांना ते पाहायला दूर जायला नको. जवळच मिरज आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे तयार होतात. हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे शिकलगार या कामाकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि लाकूड बहुधा तून या झाडाचे असते. गंमत अशी, की तून आणि महोगनी ही एकाच कुळातली झाडे. आपला कडुनिंबही त्याच कुळातला. तेव्हा सतारीवर जे लाखेचे पॉलिश शोभते, ते तुमच्या गिटारीवरही शोभेल.

आता एक साधे निरीक्षण करा. पंचगंगेच्या घाटाचा कोरडा दगड राखाडी दिसतो. त्यावर ओंजळभर पाणी टाका, तो एकदम काळाभोर होतो. पाण्याला तर काही रंग नाही! कोरड्या दगडाच्या खडबडीत पृष्ठावर दगड आणि हवा यांच्या अगणित सीमा असतात. प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि दगडाच्या खऱ्या रंगावर फिकट पडदा येतो. दोन पदार्थांच्या वक्रीभवनांकांत जितका फरक जास्त, तितके हे विखुरणे जास्त. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, म्हणून पाण्याने फरक कमी होतो आणि पडदा विरळ होतो. लाखेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आहे, आणि लाकडातील तंतूंचाही जवळपास तितकाच. लाख लाकडाच्या बारीक छिद्रांतील हवेची जागा घेते, तेव्हा प्रकाश न विखुरता खोल जातो आणि आतल्या रेषा उजळून परत येतो. न रंगवलेले लाकूडही नुसत्या पॉलिशने ‘खुलते’ ते यामुळे.

रंग मिसळताना मात्र निवड चुकता कामा नये. काचेच्या दोन बाटल्यांत थोडे थोडे स्पिरिट घ्या. एकीत चिमूटभर गेरू टाका, दुसरीत स्पिरिटमध्ये विरघळणारा लाल रंग. दोन्ही हलवून ठेवा. गेरू थोड्या वेळाने तळाशी बसेल. दुसऱ्या बाटलीत तळाशी काही दिसणार नाही. गेरूचे कण प्रकाशाला वाटेतच अडवतात, विखुरतात. म्हणून तो झाकतो. विरघळलेला रंग प्रकाशातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला पुढे जाऊ देतो.

या शोषणाचा हिशेब मजेदार आहे. समजा, लाल पॉलिशचा एक थर हिरव्या प्रकाशाचा ८० टक्के भाग पलीकडे जाऊ देतो. प्रकाशाला लाकडापर्यंत जाऊन परत यायचे आहे, म्हणजे थर दोनदा ओलांडायचा आहे. त्यामुळे एका थरानंतर ६४ टक्के, दोन थरांनंतर ४१ टक्के, तर तीन थरांनंतर अवघा २६ टक्के हिरवा प्रकाश परततो. (लाकूड स्वतः जे शोषते ते येथे सोडून दिले आहे.) लाल प्रकाश दर खेपेला ९८ टक्के जात असेल, तर तीन थरांनंतरही तो ८९ टक्के उरतो. म्हणून पहिला हात फिका वाटला तरी घाई करून रंग दाट करू नये.

कृती अशी. ३० ग्रॅम चपडी लाख २०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा आणि फडक्यातून गाळा. लोखंडी डबा नको, त्याने लाख काळवंडते. स्पिरिट चटकन पेट घेते आणि पोटात गेले तर विषारी आहे. तेव्हा काम शिक्षकांसमोर, उघड्या जागेत आणि चूल-स्टोव्हपासून लांब करावे. लाकूड बारीक पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेनेच घासा. आडवा ओरखडा आधी दिसत नाही, पण रंग त्यात साचून तो उठून दिसतो. फळीच्या टोकांकडे विशेष लक्ष हवे. तेथे लाकडातील पाणी वाहणाऱ्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. त्या रंग शोषून घेतात आणि टोके काळपट होतात. म्हणून पहिले एक-दोन हात बिनरंगी पॉलिशचे द्यावेत आणि मगच रंगीत पॉलिश कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ चढवावे. थर जाड झाला तर पोकळ गिटारीच्या तबलीचे वजन वाढते, तिचे कंपन दबते आणि आवाज बसल्यासारखा होतो. प्रत्येक प्रयोग आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर करा.

मी स्वतः एकदा हे काम ऐन श्रावणात काढले. संध्याकाळी लावलेले पॉलिश सकाळी दुधाळ पांढरे! स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर उतरते आणि थरात अडकलेले सूक्ष्म थेंब नि पोकळ्या प्रकाश विखुरतात. घाटाच्या दगडाचीच ही उलटी गोष्ट. कोरड्या दिवशी थोड्या स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला आणि पांढरेपणा गेला. पण कोल्हापूरच्या पावसात हे काम काढू नये हेच खरे.

एक प्रश्न मात्र तुमच्याच रंगाला विचारायला हवा: हा लाल रंग उन्हात टिकेल का? विरघळणारे अनेक रंग प्रकाशाने विटतात. रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि तो दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. महिन्याने कागद काढा आणि दोन्ही भाग ताडून पाहा. मधे सीमारेषा दिसली, तर गिटारीला हात लावण्याआधी दुसरा रंग शोधा.