सेडान घ्यावी की पिकअप?

प्रश्न : हडपसरला रोपवाटिका आहे. आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डला माल जातो, बाकी दिवस कुटुंबासाठी गाडी लागते. जुनी डिझायर घ्यावी की बोलेरो पिकअप?

उत्तर : दोनच फेऱ्या असतील, तर डिझायर घेऊन मालासाठी भाड्याचा टेम्पो सांगावा. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असते, पाटी पिवळी. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. खासगी मोटारीची नोंदणी थेट 15 वर्षांची. शिवाय मागच्या हौद्यात माणसे बसवता येत नाहीत, आणि रिकामी पिकअप खड्ड्यात चांगलीच उसळते. घरातल्या वयस्करांचा विचार व्हायलाच हवा.

रोज माल असेल, तर मात्र पिकअपच. परवान्याची धास्ती नको : 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधा एलएमव्ही परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

पिकअप बघायला गेल्यावर खाली वाकून मागचे पाटे पाहावेत. एखादे पान तुटलेले किंवा जादा घातलेले दिसले, तर गाडीने क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहिल्याची शंका घ्यावी. चासीवर नवे वेल्डिंग असेल, तर सौदा सोडावा.

गाडीवर कर्ज असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हाती पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.