त्रिनिदादला जाताना : व्हिसा माफ, पण तिकीट शेवटी

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचले आहे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. सुनील गावसकरांचा पहिला कसोटी सामनाही तोच. पण कापड, भरतकाम, जरीकाम आणि दागिन्यांच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी या बेटाकडे आणखी एका कारणाने पाहावे.

३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन तेथे पोहोचले. हे जहाज मुंबईचे मुस्लिम व्यापारी इब्राहिम बिन युसूफ यांच्यासाठी बांधले गेल्याचे सांगितले जाते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय करारावर तेथे गेले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे, तर सुमारे ५ टक्के लोक मुस्लिम आहेत. ईद-उल-फित्र आणि दिवाळी या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. डोक्यावरच्या ओढणीला तेथील बायका आजही ‘ओऱ्हनी’ म्हणतात. सलवार-कुर्ता, ओढणी, भरतकामाचे कपडे यांना सणासुदीत मागणी असते आणि चगुआनास हे गाव अशा मालाची मोठी बाजारपेठ आहे.

मग तेथे जायचे कसे? बहुतेकांना एवढेच ठाऊक असते की भारतीयांना त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. हे खरे आहे. भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. परंतु अडचण बेटावर येत नाही, ती वाटेत येते आणि परत येताना येते. म्हणून क्रमाने पाहू.

पासपोर्ट

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. पाने फाटलेली किंवा भिजलेली असल्यास नवा पासपोर्ट काढावा. दहावी न झालेल्या अनेक कारागीर बांधवांच्या पासपोर्टवर ‘इसीआर’ असते. त्यांनी घाबरू नये. हा नियम ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू आहे आणि त्या यादीत त्रिनिदाद नाही.

वाटेतला व्हिसा

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. मुंबईहून त्रिनिदादला थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो किंवा युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. समजा, भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने स्वस्त मिळाले म्हणून न्यूयॉर्कमार्गे तिकीट काढले. त्याला वाटले, आपण अमेरिकेत थांबणार नाही, फक्त विमान बदलणार. पण अमेरिकेच्या विमानतळावर बाहेर न पडता विमान बदलण्याची सोयच नाही. प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनमधून जावे लागते. म्हणून अमेरिकेचा ट्रान्झिट किंवा भेटीचा व्हिसा नसेल, तर मुंबईच्या काउंटरवरूनच त्याला परत पाठवतील. तिकिटाचे पैसे जातात ते वेगळेच.

ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आत राहून विमान बदलण्यासाठीही भारतीयांना व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा यांसारख्या काही देशांचा चालू व्हिसा असल्यास त्यातून सूट मिळू शकते. लंडनमध्ये एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानतळावरून निघायचे असेल, तर ब्रिटनमध्ये प्रवेश करावाच लागतो. अशा वेळी आतल्या आत विमान बदलण्याचा व्हिसा चालत नाही. कॅनडाचाही ट्रान्झिट व्हिसा आहे, त्याला शुल्क नाही, पण अर्ज करावा लागतो. युरोपातील देशांचे नियम सारखे नाहीत आणि ते बदलतात. म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. विमान कंपनीकडून आणि संबंधित देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरून खात्री करून घ्यावी.

उतरल्यावर

व्हिसा माफ याचा अर्थ प्रवेश हक्काने मिळतो असा नाही. किती दिवस राहू द्यायचे हे इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे आणि बोलावणाऱ्या व्यापाऱ्याचे किंवा संस्थेचे पत्र जवळ ठेवावे. हे कागद हातातील पिशवीत असावेत, बॅगेत नव्हे. तेथील व्यवहार इंग्रजीत चालतो. भारतीय वंशाचे लोकही हिंदी-उर्दू फारशी बोलत नाहीत. म्हणून ‘कशासाठी आलात’ या प्रश्नाचे सरळ आणि खरे उत्तर इंग्रजीत तयार ठेवावे. पासपोर्टवर मारलेल्या शिक्क्यातील तारीख तेथेच वाचून घ्यावी.

विक्री आणि माल

ग्राहकाला भेटणे, नमुने दाखवणे आणि ऑर्डर घेणे ही एक गोष्ट, तर गाळा लावून महिनोन्महिने विकणे ही दुसरी. त्रिनिदादच्या नियमानुसार बारा महिन्यांत एकदा, ३० दिवसांपर्यंत कामाच्या परवान्याशिवाय काम करता येते. त्यापुढे परवाना लागतो. ९० दिवसांची भेट म्हणजे ९० दिवसांचा धंदा नव्हे.

विकण्यासाठी नेलेला माल हा घरगुती सामान म्हणून दाखवू नये. तो कस्टमला जाहीर करावा आणि बिल व मालाची यादी जवळ ठेवावी. आयात शुल्काशिवाय तेथे १२.५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो भाव ठरवतानाच धरावा. नियमित निर्यात करायची असेल, तर भारतात आयात-निर्यात क्रमांक काढून माल रीतसर पाठवणे बरे.

तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी एक खास सूचना. लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने वापरणे वा आणणे त्रिनिदादमध्ये बेकायदा आहे. लहान मुलांचे कपडेही याला अपवाद समजू नयेत.

पैसे

भारतातून जाताना एका भेटीसाठी परकीय चलनाच्या नोटा ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंत नेता येतात. बाकीची रक्कम कार्डाने किंवा बँकेमार्फत न्यावी. परतताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा असतील, तर कस्टमला लेखी कळवावे. विक्रीचे पैसे रोखीने आणण्यापेक्षा बँकेतून मागवणे केव्हाही चांगले.

परतीचा दाखला

ही बाब हमखास विसरली जाते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे. तेथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचा वैध दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. वय ६० च्या पुढे असल्यास किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

कामाचा क्रम

एवढे सर्व वाचून अवघड वाटेल, पण क्रम पाळला तर काही अवघड नाही. प्रथम पासपोर्टची मुदत पाहावी. मग तेथील ग्राहकाचे पत्र मागवावे. त्यानंतर मार्ग ठरवून वाटेतल्या देशाचा व्हिसा काढावा आणि लस घ्यावी. तिकिटाचे पैसे सर्वांत शेवटी भरावेत. आपले बांधव नेमके उलटे करतात. स्वस्त तिकीट दिसले की आधी ते काढतात आणि मग कागद शोधत फिरतात. दोन-चार हजार वाचवण्याच्या नादात लाखाचा फटका बसतो आणि ज्या ग्राहकाला तारीख दिली, त्याच्याकडची पतही जाते. पैसे पुन्हा मिळवता येतात, पत मिळवायला वर्षे लागतात.