अनोळखी साउंड कार्डाची ओळख : पुसण्याआधी वाचावे

वैयक्तिक संगणकाला आवाज देण्यासाठी त्याच्या मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये जे स्वतंत्र कार्ड खोचले जात असे त्याला साउंड कार्ड म्हणतात. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डापासून पुढे, ध्वनीची सोय मदरबोर्डावरच येऊ लागेपर्यंत, अशी कार्डे असंख्य नावांनी विकली गेली, परंतु त्यांवरील चिप्स मात्र मोजक्याच कंपन्यांच्या होत्या. जुने कार्ड ओळखताना होणारा घोटाळा यातूनच उद्भवतो आणि त्याची उकलही यातच असते; कारण खोक्यावरचे नाव विकणाऱ्याचे, कार्डाची घडण ते बनवणाऱ्याची, आणि ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड कसे चालवावे हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारा प्रोग्राम, हा बहुतांशी चिपच्या जातीवर ठरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेल्या ‘असेंबल्ड’ संगणकांत खोका, पुस्तिका आणि ड्रायव्हरच्या फ्लॉपी क्वचितच जपल्या जात, त्यामुळे भंगारात निघणारे कार्ड बहुधा निनावी असते.

असेच एक कार्ड प्रस्तुत लेखकाच्या हाती आले, आणि ते ओळखताना त्याच्याकडून ज्या तीन चुका झाल्या त्या येथे मुद्दाम क्रमाने नोंदवल्या आहेत, कारण प्रत्येक चुकीने एकेक पुरावा कायमचा नाहीसा केला किंवा दृष्टीआड ढकलला. पहिली चूक अशी की, ते कार्ड ज्यात बसवलेले होते त्या संगणकातील हार्ड डिस्क चालू स्थितीत असूनही तिच्यावरील मजकूर न वाचताच ती पुसून टाकण्यात आली. दुसरी चूक स्वच्छतेच्या हौसेची होती. कार्डावरील धुळीचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना मागील बाजूच्या छोट्या कागदी स्टिकरवरील शाई विरघळली आणि बोळ्यावर एक निळसर डाग तेवढा उरला. तिसरी चूक निष्कर्षाच्या घाईची होती : कार्डावर ‘यामाहा वायएमएफ२६२’ अशी ठसठशीत अक्षरे दिसताच ते यामाहाचे कार्ड ठरवण्यात आले, त्या कंपनीच्या ध्वनिचिपचा ड्रायव्हर दोन संध्याकाळी पुन्हापुन्हा घालून पाहण्यात आला, आणि ‘उपकरण सापडले नाही’ हे एकच उत्तर मिळत राहिले.

या तिसऱ्या चुकीचे मूळ कार्डाच्या अंतर्रचनेच्या अज्ञानात आहे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील कार्डावर साधारणपणे तीन कामे वेगवेगळ्या चिप्सकडे असत. नियंत्रक चिप संगणकाशी संवाद साधते. कोडेक अंकरूप ध्वनीचे विद्युत्‌लहरींत आणि लहरींचे अंकांत रूपांतर करते. तर एफएम सिंथेसायझर एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून वाद्यांसारखे स्वर घडवतो. एफएम संश्लेषणाचे हे तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ साली गवसले आणि पुढे त्याचा परवाना यामाहाने घेतला, म्हणूनच अ‍ॅडलिबवरील नऊ स्वरमार्गांची वायएम३८१२ आणि नंतरची अठरा स्वरमार्गांची वायएमएफ२६२ या यामाहाच्या चिप्स कितीतरी वेगवेगळ्या उत्पादकांच्या कार्डांवर आढळतात. त्या अक्षरांवरून कार्डाचा वाद्यवृंद कळतो, मालक कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या कार्डावर नियंत्रकाची चौकोनी चिप तपासनीसाच्या गोल चिकटचिठ्ठीखाली झाकली गेली होती. चिठ्ठीची कड नखाने अलगद उचलून, टॉर्चचा झोत जवळजवळ आडवा धरून आणि भिंगातून पाहिल्यावर ‘ऑप्टी ८२सी९२९’ ही फिकट अक्षरे उमटली, आणि ज्या ड्रायव्हरची गरज होती तो या क्रमांकाचा होता.

या अनुभवावरून जो क्रम सुचतो त्याचे पहिले सूत्र असे की, कार्ड संगणकातून उपसण्याआधी त्या संगणकाचीच साक्ष घ्यावी. डॉस किंवा विंडोज ९५ च्या काळातील डिस्कवर ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ आणि ‘कॉन्फिग डॉट सिस’ या फायलींत ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव, तो ठेवलेल्या फोल्डरचा मार्ग, आणि पुष्कळदा ‘सेट ब्लास्टर’ ने सुरू होणारी ओळ मिळते. त्या ओळीतील ए२२० हा पोर्टचा पत्ता, आय५ हा व्यत्ययक्रमांक म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी रेषा, डी१ हा प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीतून माहिती नेणारा डीएमए मार्ग, आणि टी या अक्षरापुढील अंक हा कार्डाचा प्रकार दर्शवतो. टी४ म्हणजे क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टर प्रो या कार्डाची दुसरी आवृत्ती आणि टी६ म्हणजे साउंड ब्लास्टर १६. मात्र त्यांची नक्कल करणारी कार्डेही हेच अंक वापरीत असल्याने, कार्ड कोणासारखे वागते एवढेच त्यावरून समजते.

दुसरे सूत्र असे की, पुसण्याआधी वाचावे आणि वाचण्याआधी छायाचित्र घ्यावे. दोन्ही बाजूंची, प्रत्येक चिपची आणि प्रत्येक स्टिकरची स्पष्ट छायाचित्रे घेतल्यावरच ब्रशला हात लावावा, आणि शाईच्या मजकुरापासून अल्कोहोल दूर ठेवावे. स्टिकरवर अथवा बोर्डावर छापलेला अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेचा क्रमांक हा सर्वांत मोलाचा दुवा असतो, कारण त्या काळातील क्रमांकाची पहिली तीन चिन्हे परवानाधारक कंपनीला दिलेली असत. ‘आयबीए’ ने सुरू होणारा क्रमांक सिंगापूरच्या क्रिएटिव्हचा, तर ‘आय३८’ ने सुरू होणारा तेथल्याच अ‍ॅझटेकचा. यातही एक पथ्य पाळावे लागते, कारण परवाना घडवणाऱ्याचा असून खोक्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव असण्याची रीत होती.

क्रिएटिव्हच्या कार्डांबाबत आणखी एक सापळा सांगणे आवश्यक आहे. त्यांच्या नमुन्याचा क्रमांक ‘सीटी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि बोर्डावर पांढऱ्या शाईत ‘मॉडेल’ या शब्दापुढे छापलेला असतो. उदाहरणार्थ सीटी१३३० हे साउंड ब्लास्टर प्रो, सीटी१७४० हे साउंड ब्लास्टर १६ आणि सीटी३९०० हे एडब्ल्यूई३२. परंतु त्याच कार्डांवरील चिप्सचे क्रमांकही सीटीनेच सुरू होतात, आणि सीटी१७४५ हा आवाजांचे मिश्रण करणाऱ्या चिपचा क्रमांक कार्डाचा समजून शोध घेणारा भलत्याच वाटेला लागतो. तेव्हा क्रमांक कोठे छापला आहे, काळ्या चिपच्या पाठीवर की बोर्डाच्या पृष्ठावर, हे अक्षरांइतकेच महत्त्वाचे मानावे.

काळ ठरवण्यासाठी चिपवरील चार अंकी तारीखसंकेत उपयोगी पडतो. ९४३२ याचा अर्थ १९९४ सालचा बत्तिसावा आठवडा. कार्ड त्यावरील सर्वांत नव्या चिपहून जुने असू शकत नाही, म्हणून एका चिपवर न थांबता सर्व संकेत मांडून त्यांतला शेवटचा धरावा. खालच्या कडेवरील सोनेरी संपर्कही बोलके असतात. आठ बिटांच्या आयएसए स्लॉटच्या कार्डाला दर बाजूस ३१ संपर्क असतात, सोळा बिटांच्या कार्डाला खाचेपलीकडे आणखी १८ असतात, तर पीसीआय स्लॉटच्या कार्डाचे संपर्क दिसायलाच बारीक आणि दाट असतात. पीसीआय कार्ड संगणकाने विचारताच आपला ओळखक्रमांक सांगते, त्यामुळे त्याची उकल सोपी असते; तरी १२७४ हा क्रमांक एन्सोनिकचा असून ती कंपनी १९९८ साली क्रिएटिव्हमध्ये सामावली गेल्याने क्रिएटिव्हच्या काही कार्डांवरही तोच आढळतो. १९९३ नंतर आलेल्या प्लग अँड प्ले पद्धतीच्या आयएसए कार्डांतही तीन अक्षरे आणि चार अंक अशी ओळख कोरलेली असते. पूर्वीच्या, जम्पर नावाच्या छोट्या टोपणांनी पत्ते ठरवणाऱ्या कार्डांना मात्र स्वतःची ओळख सांगता येत नाही, आणि खरे कसब तेथेच लागते.

सीडी ड्राइव्हच्या जोडणीबाबतची खबरदारी प्रस्तुत लेखकाला थोडक्यात बचावल्यामुळे सुचली. कार्डावर ४० पिनांचा कनेक्टर दिसला म्हणून त्याला सर्वपरिचित आयडीई केबल जोडण्याची तयारी झाली होती. वस्तुतः पॅनासोनिक आणि मित्सुमी या कंपन्यांच्या स्वतंत्र पद्धतींचे कनेक्टरही ४० पिनांचे असत, सोनीचा ३४ पिनांचा असे, आणि काही कार्डांवर हे सगळे शेजारीशेजारी बसवलेले असत. पिना मोजून भागत नाही. कनेक्टरजवळ छापलेला शब्द वाचावा, आणि तो नसल्यास कनेक्टर रिकामा ठेवावा.

वीज देण्याची पायरी सर्वांत शेवटी यावी. जुन्या कार्डांवरील थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर आतून जोडले जाऊन वीज देताच जळू शकतात, म्हणून आधी मल्टिमीटरने तपासणी करावी : आयएसए कार्डाच्या सोल्डरच्या बाजूस, धातूच्या पट्टीकडून मोजता पहिला संपर्क ग्राउंडचा, तिसरा ५ व्होल्टचा आणि नववा १२ व्होल्टचा असतो; ग्राउंड आणि या दोहोंपैकी कोणत्याही संपर्कात रोध शून्याजवळ आला तर कार्ड स्लॉटमध्ये घालू नये. तपासणीत उतरलेले कार्ड चालू झाल्यावर त्याच्या ध्वनिप्रक्रियकाला ई१ ही आज्ञा देऊन आवृत्ती विचारता येते. ४ ने सुरू होणारे उत्तर साउंड ब्लास्टर १६ चे, ३ ने सुरू होणारे प्रोचे किंवा त्याच्या नकलेचे, आणि प्रस्तुत कार्डाने ३ नेच सुरुवात केली, जे त्याच्या नियंत्रक चिपशी जुळणारे होते.

कोणताही एक पुरावा स्वतंत्रपणे निर्णायक मानू नये. चिप, तारीख, परवाना, कनेक्टर आणि कार्डाचे स्वतःचे उत्तर हे सर्व एकाच दिशेला बोट दाखवू लागले म्हणजेच ओळख पटली असे समजावे, आणि ती ओळख लिहून कार्डाबरोबर ठेवावी. प्रस्तुत लेखकाचे कार्ड आज स्थिरविद्युतरोधक पिशवीत असून सोबतच्या चिठ्ठीवर नियंत्रक, कोडेक, जम्परांच्या जागा आणि चालणारा ड्रायव्हर अशी सर्व नोंद आहे. केवळ ‘उत्पादक’ या शब्दापुढची जागा कोरी आहे, कारण ते नाव ज्या स्टिकरवरून कळले असते त्याची शाई बोळ्यावर गेली.