आधी केबल, मग डबे

आदिलाबादसारख्या गावात घरभर नेटवर्क टाकायचं म्हटलं की लोक आधी राउटर आणि स्विच कुठल्या कंपनीचा घ्यायचा, हेच विचारतात. मी त्यांना थांबवतो. स्विच बिघडला तर तासाभरात नवा बसतो. भिंतीतली केबल बदलायची तर प्लास्टर फोडावं लागतं. आमच्या घरी ते फोडावं लागलं.

घर जुनं, भिंती जाड. पुढच्या खोलीतला वायफाय मागे पोचतच नाही. मुलगा हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करतो आणि अंगणापलीकडे आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणून केबल टाकली. फिटिंग करणाऱ्याने कॅट-सिक्स म्हणून बिल लावलं, खोक्यावरही तेच छापलेलं होतं. टेस्टरचे आठही दिवे लागले. काही महिन्यांनी मात्र मागच्या खोलीचा वेग गिगाबिटवरून शंभरावर यायला लागला आणि मुलाच्या मीटिंगा मध्येच तुटायला लागल्या. सॉकेट उघडून तारेचं टोक ब्लेडने खरवडलं, तर वरचं तांबं निघून आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं.

याला बाजारात सीसीए म्हणतात, म्हणजे तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ते ठिसूळ असल्यामुळे सॉकेटमध्ये दाबलं की पुढेमागे तुटतं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार गेली की नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप मंदावतं. साधा टेस्टर तार जोडलेली आहे एवढंच सांगतो, ती कशाची आहे हे त्याला कळत नाही. ब्लेडने खरवडणं हीच खरी परीक्षा, आणि ती केबल भिंतीत जाण्याआधी, तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. ३०५ मीटरचं खोकं उचलूनही पाहा. ॲल्युमिनियमचं खोकं हाताला चटकन हलकं लागतं.

घरासाठी शुद्ध तांब्याची, साधी यूटीपी म्हणजे बिनशिल्डची कॅट-सिक्स पुरे. शिल्डवाली केबल भारी म्हणून गळ्यात मारतात, पण तिच्या शिल्डला नीट अर्थिंग नसेल तर त्या पैशाचा उपयोग नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत अर्थिंग टिकवणं हेच मोठं काम आहे. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा. विजेच्या वायरी ज्या पाइपातून गेल्या आहेत त्यात ही केबल घालू देऊ नका, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

आता आभाळातल्या विजेचं सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात हा विषय हलका नाही. मृगाच्या तोंडावर शेतात वीज पडून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आमच्या घरातून दुकानापर्यंत अंगणावरून तांब्याचीच केबल ताणलेली होती. वीज आमच्यावर पडली नाही, आसपास कुठेतरी पडली. तरी स्विच गेला, आणि त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरांचे लॅन पोर्टही गेले. जवळ वीज पडली की उघड्यावरच्या लांब तारेत दाब उसळतो आणि तो थेट यंत्रात शिरतो.

दोन इमारतींमध्ये तांबं नकोच, फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर लागतात. एकाच तंतूवर चालवायचे असतील तर ते ए आणि बी अशी जोडीच घ्यावी लागते, दोन ए एकमेकांशी बोलत नाहीत. आणखी एक बारकाईची गोष्ट अशी की पुष्कळ फायबरला आधारासाठी पोलादी तार असते. तिच्यामुळे विजेला पुन्हा वाट मिळते. म्हणून धातू नसलेली फायबर मागा.

डब्यांचं थोडक्यात सांगतो. स्विच आठ पोर्टांचा, पत्र्याच्या अंगाचा, पंखा नसलेला घ्या. खोक्यावर १०/१००/१००० वाचा. नुसतं १०/१०० असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या डब्याचेही पोर्ट तपासा. त्याच्यावर बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिट असतो, आणि स्विच नेमका दुसऱ्यात खोचलेला सापडतो. हे सगळं टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्या मे महिन्यात तिथे यंत्रं भाजून निघतात. राउटर, स्विच आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा, लाइट गेली तरी काम चालू राहतं.

केबल नागपूरहून आणा की हैदराबादहून, पावतीवर 'शुद्ध तांबे' असं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला का-कू करायला लागला, तर ती केबल तिथेच ठेवून या.