पाकिटावरील भाजी आणि पाकिटातील पोषण

सोलापूर शहरातील भवानी पेठेत सकाळी शाळेची वेळ झाली, की किराणा दुकानांच्या दारांत लटकणाऱ्या रंगीत पाकिटांच्या माळा भराभर रिकाम्या होऊ लागतात. यंत्रमाग आणि विडी या दोन उद्योगांवर या शहरातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. वडील पाळीवर गेलेले आणि आई वळलेल्या विड्या कारखान्यात देण्यासाठी लवकर बाहेर पडलेली, अशा घरात न्याहरीची जागा पाच-दहा रुपयांचे पाकीट घेते. पाकिटावर टोमॅटो, पालक, गाजर वा बीट यांची टवटवीत चित्रे असतात आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो. मुलाच्या पोटात काही तरी भाजीपाला गेला, असे समाधान पालकास वाटते. ते कितपत साधार आहे, हे पाकीट उलटून पाहिल्याखेरीज कळत नाही.

प्रथम त्या हिरव्या ठिपक्याविषयी. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका एवढेच सांगतो, की पदार्थ शाकाहारी आहे. त्यात भाजी आहे किंवा तो पौष्टिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. निव्वळ साखरेच्या गोळीवरही हाच ठिपका असतो. शाकाहारी आणि भाजीयुक्त या दोन गोष्टींची गल्लत सुशिक्षित घरांतही होते, हे नमूद केले पाहिजे.

घटकांची यादी काय सांगते?

वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जो घटक सर्वांत अधिक, तो आधी. कुरकुरीत नळ्या, चकत्या वा गोळे यांच्या पाकिटावर बहुधा मक्याचा रवा, तांदळाचे पीठ, खाद्यतेल ही नावे आरंभी येतात. टोमॅटो किंवा पालक यांची भुकटी यादीच्या शेवटी, मीठ-मसाल्याच्या सोबतीला असते. शब्दांनी वा चित्रांनी एखाद्या घटकावर भर दिला असेल, तर त्याचे प्रमाण टक्केवारीत सांगावे, अशी तरतूद भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक विनियमांत आहे. ही टक्केवारी बारीक अक्षरांत असते. ती शोधून वाचावी. ताज्या पालकात नऊ-दशांशाहून अधिक पाणी असते. तो वाळवून केलेली चिमूटभर भुकटी पदार्थाला हिरवा रंग देते. वाटीभर भाजीचे काम ती करू शकत नाही. शिवाय वाळवण, उष्णता आणि साठवण यांमुळे भाजीतील ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो.

पाणी जाते, तेल येते

प्रत्यक्ष भाजीच्या चकत्या तळून विकल्या जातात, त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. बटाट्याचे उदाहरण घेऊ. कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. शंभर ग्रॅम बटाट्यातून सुमारे ७० ते ८० उष्मांक मिळतात. तळताना पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्याची जागा काही अंशी तेल घेते. तयार चकत्यांच्या शंभर ग्रॅममध्ये तेलच ३० ते ३५ ग्रॅम भरते आणि उष्मांक ५४० च्या घरात जातात. बीट, भेंडी, रताळे यांच्या चकत्या हल्ली कमी दाबाखाली, कमी तापमानात तळतात. त्यामुळे रंग व काही जीवनसत्त्वे अधिक टिकतात, तंतुमय भाग आणि क्षारही राहतात. मक्याच्या नळ्यांपेक्षा हा पदार्थ निश्चितच सरस होय. परंतु तेल त्यातही असते आणि किंमत भवानी पेठेतील पाच रुपयांच्या खरेदीत सहसा बसत नाही.

आता तीस ग्रॅमचे पाकीट हातात घेऊ. तक्त्यातील आकडे बहुधा शंभर ग्रॅमचे असतात, म्हणून त्यांना तीनदशांशने गुणावे. स्निग्ध पदार्थ ३३ ग्रॅम लिहिले असतील, तर पाकिटात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे तेल आहे. सोडियम ७०० मिलिग्रॅम असेल, तर पाकिटात २१० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणले, की मिठाचे प्रमाण मिळते. येथे ते अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक भरते. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लहान मुलाची मर्यादा त्याहून कमी असते. एका पाकिटाने आकाश कोसळत नाही. मात्र दिवसाला दोन पाकिटे आणि वर जेवणातील मीठ असा हिशेब मांडल्यास चित्र पालटते.

सोलापूरचे आपले पदार्थ

टिकाऊ खाण्याची विद्या सोलापूरला नवी नाही. येथील कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाकिटांतून पुण्या-मुंबईपर्यंत जातात. कडक भाकरी टिकते ती तिच्यातील पाणी उडालेले असते म्हणून. तिच्यात तेल शिरलेले नसते. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने व तितकाच तंतुमय भाग, तर शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. शेंगदाण्यातही स्निग्ध पदार्थ भरपूर आहेत, पण प्रथिनांसह. भाजीची उणीव मात्र भाकरी-चटणीने भरून निघत नाही. सोबत कांदा, काकडी, मेथीची भाजी हवीच. घरगुती म्हणून सर्व काही निर्दोष, असेही मानू नये. पापड आणि सांडगी मिरची यांतील मीठ कारखान्यातील पदार्थाला लाजवील इतके असते.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. हीच मुले पुढे शाळेत येतात. तेल आणि मैदा, मका यांनी पोट भरते, भूक मरते. रक्तासाठी लागणारे लोह, फॉलिक आम्ल व ‘क’ जीवनसत्त्व देणारी ताजी भाजी ताटातच राहते.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांच्या मुलास प्रतिदिनी ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गांच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी देण्याचे मानक आहे. मधल्या सुटीआधी पाकीट फस्त केलेल्या मुलाकडून ही भाजी परत येते, हे खिचडी वाढणाऱ्या ताईंना कोणी सांगावे लागत नाही. स्निग्ध पदार्थ, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियमही २०२० पासून आहे. शाळा व्यवस्थापन समितीने एकदा दोरी घेऊन हे अंतर मोजावे आणि त्या आतील दुकानदारांशी प्रथम सलोख्याने बोलावे. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू ठेवण्यास त्यांची हरकत असण्याचे कारण नाही, कारण विक्री बुडत नाही.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही आहे. मुलांना रिकामी पाकिटे धुऊन आणावयास सांगावे. प्रत्येकाने आपल्या पाकिटावरील पहिले तीन घटक वहीत उतरवावे, वरच्या रीतीने तेल व मीठ काढावे आणि एक चकती जुन्या कागदावर दाबून डाग पाहावा. पाचवीच्या मुलास गुणाकार येतो. दशांश चिन्हाशी शिक्षकांनी थोडी मदत करावी. वहीतील ती पाने पालक सभेच्या दिवशी भिंतीवर लावावीत. विड्या देऊन परतणारी आई फार वाचू शकली नाही, तरी तेलाचा डाग तिला ओळखता येतो.