हाडाची पेशी आणि बारावीनंतरची वाट

वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत मुलीचे नाव लागले नाही म्हणून जे पालक खिन्न होऊन सल्ल्यासाठी येतात, त्यांना पाहिले की जीवशास्त्राची हुंडी केवळ इस्पितळाच्या पेढीवरच वटते ही समजूत आपल्याकडे किती खोल रुजली आहे, याची मला मनापासून खंत वाटते. आणि म्हणून त्यांना मी प्रथम एका प्रयोगाची हकिकत सांगतो.

उंदराच्या अस्थिकर्करोगापासून वाढविलेला 'आरओएस १७/२.८' नामक पेशींचा एक वंश आहे. परावटू ग्रंथीचे संप्रेरक या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहकास भिडले, की काही मिनिटांतच आत चक्रीय एएमपी हा दुय्यम निरोप्या तयार होतो. परंतु त्याच पेशी आधी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या सान्निध्यात ठेवल्या, तर संप्रेरकाच्या तेवढ्याच मात्रेला त्या अधिक जोमाने प्रतिसाद देतात, आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप, जे स्टेरॉइडांचेच सगोत्र, ते हा वाढीव प्रतिसाद पुन्हा खाली ओढते. स्टेरॉइड पेशीपटल ओलांडून आत शिरते, आपल्या ग्राहकासह केंद्रकातील जनुकांच्या कारभारात फेरफार करते, आणि म्हणूनच त्याचा अंमल बसावयास मिनिटे नव्हे, तास आणि दिवस लागतात. हा प्रयोग म्हणजे काही रुग्णावरचे औषध नव्हे; पण ऐन पौगंडावस्थेतील मुलांना, बहुधा गुडघ्याजवळ, गाठणाऱ्या या व्याधीच्या पेशी कोणाचा हुकूम केव्हा मानतात हे जाणल्यावाचून औषधाची तजवीज तरी कशी व्हावी?

कन्येने वैद्यक शिकावे अशी वडिलांची इच्छा असता वेगळा मार्ग धरणाऱ्या, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीच मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात अशा पेशी शरीराबाहेर वाढविण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली, हे किती पालकांना ठाऊक असते?

आज वाटा अनेक आहेत: 'आयसर' या विज्ञानसंस्थांचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, अथवा बी.एस्सी. करून 'जॅम' या प्रवेशपरीक्षेद्वारे एम.एस्सी., आणि पुढे 'नेट' ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'सारख्या कर्करोग संशोधन संस्थेत पीएच.डी. 'नेट'ची कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, तेव्हा संशोधक उपाशी राहतो ही भीती निराधार होय. मात्र पुढील कायम नेमणुका मोजक्या असतात आणि त्यांची वाट पाहावी लागते, हेही मी लपवीत नाही. पेशींना रविवार नसतो. त्यांचे पोषणद्रव्य सणावारीही बदलावे लागते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास पुण्यातील कित्येक संशोधनसंस्था सर्वांसाठी आपली दारे उघडतात. तेथे मुलीला न्यावे, जिवंत पेशी पाहावयास मिळाल्या तर सूक्ष्मदर्शकाशी तिला हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे, आणि घरी परतताना ती काय विचारते ते लक्ष देऊन ऐकावे.